बाळाच्या वतीने 'होय'

कित्येक शतकं रोमन कॅथलिक चर्चमध्ये एक विलक्षण संवाद घडत आला. धर्मगुरू प्रश्न विचारायचे, आणि विचारायचे ते दुपट्यात गुंडाळलेल्या, काही दिवसांच्या बाळाला. "देवाच्या मंडळीकडे तू काय मागतोस?" "विश्वास." "विश्वास तुला काय देतो?" "सार्वकालिक जीवन." मग सैतानाचा त्याग करतोस का, देवपित्यावर विश्वास ठेवतोस का, आणि शेवटी पाण्यापाशी, "तुला बाप्तिस्मा हवा आहे का?" "हवा आहे." उत्तरं अर्थातच धर्मपिता किंवा धर्ममाता देत. बाळ झोपलेलं असे, नाहीतर रडत असे. रडणं हे उत्तर धरलं जात नसे.

हा विधी मुळात बाळांसाठी रचलेलाच नव्हता. सुरुवातीच्या शतकांत कधी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं शिकवण घेऊन पाण्यात उतरणाऱ्या मोठ्या माणसांचा तो विधी. पुढे येणारे बहुतेक जण तान्हेच असू लागले तेव्हा त्याला कात्री लावून तो आटोपशीर केला गेला, पण त्यातले संवाद मोठ्यांचेच राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ मध्ये सांगितलं, की बाप्तिस्मा घेणारी ही बाळं आहेत हे ध्यानात घेऊन विधी सुधारा. १९६९ मध्ये खास बाळांसाठी लिहिलेला विधी आला. आता प्रश्न आईवडिलांना आणि धर्मपिता-धर्ममातांना विचारतात, त्यांच्या स्वतःच्या विश्वासाबद्दल.

हे वाचलं आणि बालबाप्तिस्मा विरुद्ध प्रौढ बाप्तिस्मा या जुन्या वादात मला पहिल्यांदा खरा रस वाटू लागला. तोवर तो मला वयाचा आणि पाण्याच्या प्रमाणाचा वाद वाटायचा. पाण्याचं तर सोडूनच द्या. ऑर्थोडॉक्स चर्च तान्ह्या बाळाला तीनदा पूर्ण बुडवतं, आणि सोळाव्या शतकात प्रौढ बाप्तिस्म्यासाठी जीव देणाऱ्या पहिल्या लोकांनी डोक्यावर नुसतं पाणी ओतून घेतलं होतं. बुडवणं म्हणजे प्रौढ आणि शिंपडणं म्हणजे बाळ हे समीकरण इतिहासात टिकत नाही. प्रश्न खरा आहे तो बोलण्याचा. 'होय' कुणी म्हणायचं आणि कधी?

वाद सहसा नव्या करारापासून सुरू होतो आणि तिथेच अडकून पडतो. येशूच्या पुनरुत्थानानंतर पन्नासाव्या दिवशी त्याचा शिष्य पेत्र जमलेल्या लोकांना पश्चात्ताप करून बाप्तिस्मा घ्यायला सांगतो. क्रम स्पष्ट आहे: आधी मन वळतं, मग पाणी. पण लगेच पुढच्या वाक्यात तो म्हणतो, की हे वचन तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना आहे. आफ्रिकेतल्या कूश देशाचा एक षंढ अधिकारी रस्त्याकडेचं पाणी पाहून विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? त्यावर त्याला शिकवणाऱ्या फिलिप्पाचं जे उत्तर छापलेलं असतं, मनापासून विश्वास धरत असशील तर हरकत नाही, ते सगळ्यांत जुन्या हस्तलिखितांत नाही. मग लुदिया, फिलिप्पैचा बंदिशाळेचा नायक, करिंथचा स्तेफन, यांच्याबरोबर त्यांच्या अख्ख्या घराण्यांचे बाप्तिस्मे झाले. त्या घरांत पाळणे होते की नव्हते, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. येशूचं स्वतःचं उदाहरण दोन्हीकडचे लोक देतात. यार्देन नदीत उतरला तेव्हा तो तिशीचा होता, असं एक बाजू म्हणते. आठव्या दिवशी त्याची सुंता झाली आणि तान्हा असतानाच त्याला मंदिरात नेलं, असं दुसरी म्हणते.

मला या सगळ्यात एक गैरहजेरी जास्त बोलकी वाटते. नव्या करारात तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याचं वर्णन नाही, हे सगळे सांगतात. पण ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मलेलं मूल मोठं होऊन, समजून-उमजून बाप्तिस्मा घेतं, असंही वर्णन त्यात एकही नाही. ती पहिल्या पिढीची कहाणी आहे. दुसऱ्या पिढीचं काय करायचं, हा प्रश्न त्या पानांवर अजून उगवलेलाच नाही. पुढची वीस शतकं आपण त्याच प्रश्नाचं उत्तर पहिल्या पिढीच्या पत्रांतून काढू पाहतो आहोत.

तो प्रश्न उगवल्याच्या खुणा हळूहळू दिसायला लागतात. 'दिदाखे' या अगदी सुरुवातीच्या नियमपुस्तिकेत वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या, नसेल तर दुसऱ्या पाण्यात, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता, असं सांगितलंय. आणि बाप्तिस्मा घेणाऱ्याने आधी एक-दोन दिवस उपास करावा, असंही. तान्हं बाळ उपास करत नाही, म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोठी माणसं होती. मात्र इ.स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये ख्रिस्ती लेखक तर्तुल्लियन लहान मुलांच्या बाप्तिस्म्याला विरोध करताना दिसतो. विरोध आहे म्हणजे प्रथा होती, निदान सुरू तरी झाली होती. निष्पाप वयाला पापक्षमेची एवढी घाई कशाला, असं तो विचारतो. मुलं मोठी होऊ देत, शिकू देत, आपण कुठे येतो आहोत हे कळू दे, मग येऊ देत. त्याची दुसरी हरकत मात्र फारशी कुणी सांगत नाही. त्याला धर्मपित्यांची काळजी वाटते. ही माणसं दुसऱ्याच्या वतीने शब्द देतात. शब्द पाळण्याआधी ती मरू शकतात, किंवा मूलच वाईट निघू शकतं. मग त्या दिलेल्या शब्दाचं काय?

कार्थेजमध्येच, पन्नासेक वर्षांनी, तिथला बिशप सिप्रियन याच्या अध्यक्षतेखाली ६६ बिशप जमले आणि त्यांच्यापुढे प्रश्न आला तो असा: सुंतेसारखं आठव्या दिवसापर्यंत थांबायचं की त्याआधीच बाप्तिस्मा द्यायचा? बाळाला द्यावा की नाही हा प्रश्नच कुणी मांडला नाही. एका शहरात दोन पिढ्यांत वारं फिरलं होतं.

हे का घडलं याची अनेक धर्मशास्त्रीय कारणं देतात. मला पटणारं कारण रोममधल्या प्रिस्किल्लाच्या भूमिगत दफनभूमीतल्या एका शिळेवर आहे. फ्लोरेन्तियुसने आपल्या मुलासाठी, अप्रोनियानुससाठी, ती कोरून घेतली. मूल एक वर्ष, नऊ महिने आणि पाच दिवस जगलं. आजीचा त्याच्यावर फार जीव होता. ते वाचत नाही हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिने मंडळीकडे विनंती केली, की या जगातून जाताना ते विश्वासी म्हणून जावं. एवढंच. तिसऱ्या शतकातली ही शिळा मानतात. पावणेदोन वर्षांचं होईपर्यंत त्या मुलाला बाप्तिस्मा दिलेला नव्हता, म्हणजे जन्मतःच द्यायची रीत त्या घरात नव्हती. मरण दारात आलं तेव्हा आजीने रीतभात बाजूला ठेवली. अशा बऱ्याच शिळा आहेत, त्यांवर लहानग्यांचं वय आणि मृत्यूच्या जरा आधी झालेला बाप्तिस्मा कोरलेला. मुलं पटापट मरण्याच्या त्या काळात अशा आज्यांनी तर्तुल्लियनला हरवलं, असं मी मानते. धर्मशास्त्र मागाहून आलं.

गंमत म्हणजे त्याच भीतीने मोठी माणसं उलट दिशेने पळत होती. बाप्तिस्म्याने मागची सगळी पापं धुतली जातात, पण नंतर केलेल्या मोठ्या पापांना प्रायश्चित्त जड. मग धुणं जितकं उशिरा तितकं बरं! सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला. मिलानच्या लोकांनी ३७४ मध्ये अँब्रोजला बिशप म्हणून निवडलं तेव्हा त्याचा बाप्तिस्माच झालेला नव्हता, आठवड्याभरात त्याला आधी पाण्यात आणि मग बिशपच्या आसनावर बसवावं लागलं. नाझियानझसचा ग्रेगरी हा तर बिशपचा मुलगा, तरी त्याने मोठेपणीच बाप्तिस्मा घेतला. चौथं शतक हा ख्रिस्ती घरांतल्या प्रौढ बाप्तिस्म्याचा मोठा काळ आहे, पण आजच्या प्रौढ बाप्तिस्मावाल्यांना तो आपला म्हणून दाखवता येत नाही, कारण त्या थांबण्यामागे निर्णयाचं स्वातंत्र्य कमी आणि हिशेब जास्त होता. याच ग्रेगरीने ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये दिलेल्या प्रवचनात तोडगा काढला. जिवाला धोका असेल तर लगेच, नसेल तर तीन वर्षांपर्यंत थांबा. तीनच का? कारण तेव्हा मूल थोडंफार ऐकून उत्तर देऊ शकतं. समजणार सगळं नाही, पण बोलेल तरी. मला हा माणूस आवडतो.

पुढे पश्चिमेतला मोठा धर्मशास्त्रज्ञ झालेल्या ऑगस्टिनची गोष्ट यात सगळ्यांत गुंतागुंतीची. आई मोनिका श्रद्धाळू. लहानपणी तो पोटदुखीने मरायला टेकला तेव्हा बाप्तिस्म्याची तयारी सुरू झाली, तो बरा झाला आणि ती थांबवली. नंतर 'आत्मनिवेदन' या आत्मचरित्रात त्याने यावर चिडून लिहिलंय, की करू दे त्याला हवं ते, अजून त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, असं लोक म्हणत. शरीराच्या बाबतीत मात्र, होऊ देत अजून जखमा, अजून तो बरा झालेला नाही, असं कुणी म्हणत नाही. ३८७ च्या ईस्टरला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा घेतला, शेजारी स्वतःचा किशोरवयीन मुलगा अदेओदातुस. ज्या अष्टकोनी कुंडात ते झालं त्याचे अवशेष मिलानच्या कॅथेड्रलखाली आहेत. माणसांनी उतरण्याएवढं ते कुंड. पुढच्या शतकांतले बाप्तिस्मा-कुंड चौथऱ्यावरचे, कमरेच्या उंचीचे आणि बाळ मावेल एवढेच होत गेले. ग्रंथ वाचायचे नसतील तर हा इतिहास नुसता दगडांवरूनही वाचता येतो.

इतक्या समजून-उमजून पाण्यात उतरलेला हाच माणूस पुढे बालबाप्तिस्म्याचा सगळ्यांत मोठा वकील झाला. माणूस जन्मतः पापी नसतो असं म्हणणाऱ्या पेलागियसशी वाद घालताना त्याने बाळांचा बाप्तिस्मा हाच मूळ पापाचा पुरावा म्हणून मांडला: मंडळी बाळांना पापक्षमेसाठी बाप्तिस्मा देते, बाळांनी स्वतः तर काही केलेलं नाही, म्हणजे पाप वारशाने आलेलं असलं पाहिजे. म्हणजे प्रथा आधी होती, कारण नंतर सापडलं. आणि त्या कारणाची किंमत अशी, की बाप्तिस्म्याविना मेलेलं बाळ, शिक्षा सौम्य का असेना, देवापासून दूर राहणार.

ही किंमत कुणी मोजली ते पाहायचं तर स्वित्झर्लंडमधल्या ओबरब्यूरेनकडे पाहावं. पंधराव्या शतकात तिथे मरियेचं एक तीर्थस्थान होतं. मृत जन्मलेली बाळं आईबाप तिथे घेऊन येत. निखारे आणि मेणबत्त्यांमध्ये ती ऊबेला ठेवत, ओठांवर पीस ठेवत. पीस हललं की बाळाने श्वास घेतला असं धरून घाईने बाप्तिस्मा देत आणि मग पुरत. कॉन्स्टन्सच्या बिशपने रोमकडे तक्रार केली, तरी लोक येत राहिले. १५२८ मध्ये बर्नच्या प्रोटेस्टंट सुधारकांनी ते ठिकाण पाडलं. गेल्या शतकाच्या अखेरीस तिथे उत्खनन झालं तेव्हा सुमारे २५० अर्भकांचे सांगाडे निघाले. अप्रोनियानुसच्या आजीने जे प्रेमाने मागितलं, त्याची शिकवण करून लोकांच्या डोक्यावर बसवली की हे होतं. बालबाप्तिस्म्याच्या बाजूने बोलताना मी ओबरब्यूरेन वगळून बोलत नाही.

भीतीच्या या काळातही कुणीतरी नेमका प्रश्न विचारला होता. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बोनिफास नावाच्या एका बिशपने ऑगस्टिनला पत्र लिहिलं. समजा मी तुमच्यापुढे एक बाळ ठेवलं आणि विचारलं, की हे मोठं होऊन चोर निघेल की नाही, तर तुम्ही म्हणाल, ठाऊक नाही. याच्या मनात आत्ता काही विचार आहे का, विचारलं तरी तेच म्हणाल. मग हे बाळ देवावर विश्वास ठेवतं का, असं विचारल्यावर तुम्ही लोक ठणठणीतपणे 'ठेवतं' कसं म्हणता? ऑगस्टिनचं उत्तर लांब आहे, त्याचं सार असं, की विश्वासाचा संस्कार हाच एका अर्थाने विश्वास असतो, आणि बाळाला जे उचलून आणतात त्यांत नुसते ते दोन हात नसतात, सगळी मंडळी असते. उत्तर खोल आहे. पण बोनिफासचा प्रश्न मला जास्त प्रामाणिक वाटतो.

मी स्वतः धर्ममाता झाले तेव्हा हे सगळं डोक्यात होतं, आणि नव्या विधीने माझी चांगलीच पंचाईत केली. जुन्या विधीत धर्ममाता बाळाच्या आवाजात बोलते, त्यामुळे उत्तरं बाळाची आणि ती त्याच्याआड सुरक्षित. आता मला विचारलं गेलं: तुम्ही पापाचा त्याग करता का? तुम्ही विश्वास ठेवता का? या आईवडिलांना मदत करायला तुमची तयारी आहे का? बाळाच्या बाप्तिस्म्यात एकमेव प्रौढ बाप्तिस्मा आमचा, भोवती उभ्या असलेल्यांचा चालला होता. बाळ शांतपणे माझ्या ओढणीचं टोक चघळत होतं.

प्रौढ बाप्तिस्म्याच्या बाजूचा सगळ्यांत मोठा क्षण २१ जानेवारी १५२५ चा. झ्युरिकच्या नगरपरिषदेने तीन दिवसांपूर्वी हुकूम काढला होता, की ज्या मुलांचे बाप्तिस्मे झालेले नाहीत त्यांचे आठ दिवसांत करा, नाहीतर शहर सोडा. कॉन्राड ग्रेबेल तेव्हा नुकताच एका मुलीचा बाप झाला होता आणि तिला त्याने बाप्तिस्मा दिला नव्हता. फेलिक्स मान्झच्या घरी काही जण जमले. जॉर्ज ब्लाउरॉकने ग्रेबेलला म्हटलं, मला बाप्तिस्मा दे. ग्रेबेलने दिला, मग ब्लाउरॉकने इतरांना. खोलीतल्या सगळ्यांचा बाप्तिस्मा जन्मानंतर लगेचच झालेला होता. त्यांचं म्हणणं होतं, की तो झालाच नव्हता.

परिषदेने १५२६ मध्ये या गुन्ह्याला बुडवून मारण्याची शिक्षा ठरवली, आणि ५ जानेवारी १५२७ रोजी मान्झला हातपाय बांधून लिमात नदीत बुडवलं. शिक्षेत पाण्याची निवड मुद्दाम होती, हे सांगायला नको. १५२९ मध्ये श्पायर इथे भरलेल्या पवित्र रोमन साम्राज्याच्या सभेने दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेणाऱ्यांना मृत्युदंड फर्मावला, त्याला कॅथलिक आणि लूथरपंथी दोघांची संमती होती. एका विधीसाठी एवढा संताप का, हे कळायला बाप्तिस्मा तेव्हा काय होता ते पाहावं लागतं. गावात जन्मलेला प्रत्येक जण बाप्तिस्म्याने एकाच वेळी ख्रिस्ती आणि प्रजाजन होत होता. मी स्वतः 'होय' म्हणेपर्यंत मंडळीचा नाही, असं कुणी म्हटलं की मंडळी आणि गाव या दोन वेगळ्या याद्या होतात. सत्तेला नको होत्या त्या दोन याद्या. धर्म ही ज्याची त्याची बाब आहे असं आज आपण सहज म्हणतो, त्यातला मोठा वाटा लिमातमध्ये बुडालेल्या या लोकांचा आहे, आणि बालबाप्तिस्मा मानणाऱ्या माझ्यासारख्यांनी तो निमूट मान्य करावा.

पण प्रौढ म्हणजे स्वतंत्र, असंही नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस फ्रँक राजा शार्लमेनने जिंकलेल्या सॅक्सन लोकांसाठी कायदा केला, बाप्तिस्मा नाकारून लपून राहिलात तर मरण. १५३४ मध्ये जर्मनीतलं मुन्स्टर शहर खुद्द प्रौढ बाप्तिस्मावाल्यांच्याच ताब्यात आलं, आणि त्यांनी नगरवासीयांना सांगितलं, पुन्हा बाप्तिस्मा घ्या नाहीतर चालते व्हा. माणूस मोठा आहे, तोंडाने 'होय' म्हणतो आहे, आणि तरी ते त्याचं 'होय' नाही.

माझी एक मैत्रीण अशा मंडळीत वाढली जिथे समजत्या वयातच बाप्तिस्मा देतात. आमचं यावर बरंच भांडण होतं, चांगल्या अर्थाने. मी तिला म्हटलं, की बाळाशी कोणत्या भाषेत बोलायचं हे त्याला कुणी विचारत नाही. मिळालेल्या भाषेतच ते पुढे नकार द्यायला शिकतं. ती म्हणाली, भाषा सोडताना कुणाला साक्षीला बोलावून शपथ मोडावी लागत नाही. गप्प बसले. पण तिनेच नंतर सांगितलं, की तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तिच्या वर्गातली सगळीच मुलं-मुली पाण्यात उतरत होती आणि एकटी मागे राहिले तर आईला काय वाटेल, हा विचार तिच्या 'होय'मध्ये निम्म्याने होता. त्या मंडळ्यांत ही ओळखीची अडचण आहे. काही बाप्तिस्त मंडळ्यांत पाच-सहा वर्षांची मुलं विश्वास कबूल करून बाप्तिस्मा घेतात, आणि त्यांतली काही मोठेपणी पुन्हा घेतात, कारण तेव्हा मला कळत नव्हतं असं त्यांना वाटतं. कळण्याची रेषा कुठे आखायची? अमेरिकेतले, जुन्या साध्या पद्धतीने राहणारे आमिश लोक तिच्याबद्दल जास्त कडक आहेत. त्यांच्यात बाप्तिस्मा बहुधा विशीच्या आसपास होतो, आणि वाळीत टाकण्याची शिक्षा फक्त बाप्तिस्मा घेतलेल्याला लागू होते. घेतलाच नाही तर शब्द मोडल्याचा दोष नाही. 'होय'ला वजन द्यायचं तर नाही म्हणायची वाट खरीखुरी उघडी ठेवावी लागते, हे त्यांनी कागदावर न ठेवता आयुष्यात बसवलंय, आणि त्याची किंमतही त्यांची मुलंच मोजतात.

माझ्या मते वाद जिथे खरा अडतो ती जागा वेगळीच आहे. जी व्यक्ती कधीच बोलणार नाही, जिची समज आयुष्यभर तान्ह्या बाळाएवढीच राहणार आहे, तिचं काय? माझं मन बालबाप्तिस्म्याकडे झुकतं ते इथे. तिला पाण्याबाहेर ठेवणारी मंडळी मला अपुरी वाटते. मैत्रिणीचं उत्तर तयार होतं: आमच्या मते देवाची कृपा अशा माणसाला पाण्याविनाही झाकते. आणि झाकत असेल तर बाळांनाही झाकते, मग तुम्हाला एवढी घाई कशाला? तर्तुल्लियनच बोलला. २००७ मध्ये कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने बाप्तिस्म्याविना मेलेल्या बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत, असं प्रसिद्ध केलं, तेव्हा भीतीचा आधार माझ्या बाजूनेही निघून गेला. ओबरब्यूरेनच्या आईबापांना हे पाचशे वर्षं आधी कुणी सांगायला हवं होतं. भीती काढून घेतल्यावर बालबाप्तिस्म्यात काय उरतं? मला वाटतं, एवढंच उरतं, की देवाने हाक आधी मारली आणि माणसाने नंतर 'ओ' दिली, हा क्रम डोळ्यांना दिसतो. हे पुरेसं आहे की नाही यावर मात्र माझं मत दर काही महिन्यांनी हलतं.

एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य करावीच लागते, आणि दोघांनी ती कृतीने केलेलीच आहे. बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या पाश्चात्य चर्चना मोठेपणच्या 'होय'साठी दुसरा क्षण लागला, आणि त्यांनी दृढीकरण (कन्फर्मेशन) या विधीला ते काम दिलं. मोठ्यांनाच बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांना नुसत्याच जन्मलेल्या बाळाचं काय करावं हा प्रश्न पडला, आणि त्यांनी बालसमर्पणाचा विधी सुरू केला. पाळक बाळाला हातात घेतात, प्रार्थना करतात, आईवडील वचन देतात, पाणी तेवढं नसतं. दोन्हीकडे दोन क्षण आहेत. पाणी कोणत्या क्षणावर टाकायचं, एवढ्यावर माणसं बुडवली गेली.

ऑर्थोडॉक्स चर्च या सगळ्याकडे बाहेरून पाहतं. तिथे बाळाला बुडवतात, लगेच तेलाने अभिषेक करतात आणि प्रभुभोजनही, म्हणजे पवित्र भाकर आणि द्राक्षारस, देतात. अंघोळ घातलेल्या बाळाला जेवायला का वाढत नाही, असा त्यांचा पश्चिमेला साधा सवाल. बाप्तिस्त मंडळ्याही सहसा बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन यांत अंतर ठेवत नाहीत. या मुद्द्यावर बाप्तिस्त आणि ऑर्थोडॉक्स एका बाजूला आणि बाळाला बाप्तिस्मा देऊन प्रभुभोजनासाठी थांबवणारे आम्ही मधले लोक दुसऱ्या बाजूला, हे लक्षात आलं तेव्हा मी मनापासून हसले.

विद्वानांनीही हा गुंता फारसा सोडवलेला नाही. योआखिम येरेमियासने १९५८ मध्ये बालबाप्तिस्मा प्रेषितांच्या काळापासून चालत आल्याचं मांडलं. कुर्ट आलांदने १९६१ मध्ये उत्तर दिलं, की दुसऱ्या शतकाच्या अखेरीपूर्वी त्याचा पुरावा नाही. एवढं सांगून आलांद म्हणतो, तरी आपण बाळांना बाप्तिस्मा द्यावा. पुरावा नाही आणि प्रथा योग्य, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून. उलट बाजूला कार्ल बार्थ. बालबाप्तिस्मा मानणाऱ्या रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या वळणाच्या प्रोटेस्टंट) परंपरेतला हा धर्मशास्त्रज्ञ १९४३ पासून त्या प्रथेवर टीका करत राहिला, पण आपला स्वतःचा बाप्तिस्मा खोटा म्हणून तो दुसऱ्यांदा पाण्यात उतरला नाही. १९८२ मध्ये पेरूतल्या लिमा इथे चर्चांच्या जागतिक परिषदेच्या आयोगाने दोन्ही प्रकार मान्य करणारा मजकूर स्वीकारला आणि पुनर्बाप्तिस्मा वाटेल असं काही करू नका, अशी विनंती केली. विनंती नेमकी एकाच बाजूला जाचते, हे तिथल्या लोकांना माहीत असणारच. माझी मंडळी मैत्रिणीचा बाप्तिस्मा विनातक्रार मान्य करते. तिची मंडळी माझा करत नाही. तिथे सभासद व्हायचं तर मला पाण्यात उतरावं लागेल, आणि मी उतरणार नाही, कारण उतरले तर माझ्या आईवडिलांनी माझ्यासाठी म्हटलेलं 'होय' हवेत विरलं असं म्हटल्यासारखं होईल.

आता तिच्या मंडळीत चर्चा चालली आहे, की लहानपणी बाप्तिस्मा झालेल्यांना तसंच सभासद करून घ्यावं का. ती विरोधात मत देणार आहे, आणि हे तिने मला आधीच सांगून टाकलं. तुझा बाप्तिस्मा मी धरला, तर मान्झ कशासाठी बुडाला, असं तिने विचारलं. मी तिला सतराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन बन्यन ऐकवला. बेडफर्डच्या त्याच्या मंडळीत दोन्ही प्रकारची माणसं होती, आणि १६७३ मध्ये त्याने लिहिलं, की पाण्याच्या बाप्तिस्म्याविषयीचा मतभेद सहभागितेच्या आड येऊ नये. ती म्हणाली, त्याला लंडनच्या विल्यम किफिन या बाप्तिस्त पाळकाने उत्तर दिलं होतं, १६८१ मध्ये. ते वाचून ये, मग बोलू.